हौसेचं पक्कं बिल

कराडच्या अलीकडे हायवेलगतच्या पंक्चरवाल्याने माझं चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसला. टायरच्या कडेने येत नव्हते, व्हॉल्व्हमधूनही नाही. मग त्याने चाक उलटं केलं. आतल्या बाजूला, जिथे कधी कुणाची नजर जात नाही, तिथे केसाएवढ्या रेषेतून बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती. "टायर चांगलाय साहेब," तो म्हणाला, "चाकच फुटलंय."

ते चाक सात महिन्यांचं होतं. २०१७ च्या दिवाळीत मी माझ्या जुन्या स्विफ्टला सोळा इंची अलॉय व्हील्स चढवली होती. त्यामागून सस्पेन्शन, मग ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, एअर फिल्टर असं एकेक येत गेलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने गाडी मॉडिफाय केली नसावी.

लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. बाहेरून येणारा माल तपासायचा, पास किंवा नापास करायचा, हीच माझी रोजीरोटी. वीस मायक्रॉनच्या फरकासाठी मी अख्खे लॉट परत पाठवले आहेत. आणि राहतो कोथरूडला, एआरएआयच्या टेकडीच्या पायथ्याशी. देशातल्या गाड्या जिथे तपासल्या जातात त्या संस्थेच्या सावलीत राहून मी चार चाकं फक्त फोटो बघून घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांत जे शिकलो ते खाली क्रमाने मांडतो. क्रम शहाणपणाचा नाही, ठेच लागली तसा आहे.

१. पक्कं बिल नसेल तर वॉरंटीही नसते

जीएसटी लागू होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. चाकांची किंमत ठरली बत्तीस हजार. दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल हवं असेल तर अठ्ठावीस टक्के वर." हिशोब केला, जवळजवळ नऊ हजार. मी शहाण्यासारखा कोऱ्या कागदावरचा 'अंदाजपत्रक' असा शिक्का घेऊन बाहेर पडलो. त्यावर चाकांचा मेक नव्हता, नंबर नव्हता, माझं नावही नव्हतं. 'वॉरंटी एक वर्ष' हे दुकानदार तोंडाने म्हणाला होता.

फुटलेलं चाक घेऊन गेलो तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमची पहिलीच भेट. "आमच्याकडचंच कशावरून?" या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाचवलेले नऊ हजार म्हणजे खरं तर मी विकलेला माझा भांडायचा हक्क होता. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टांवरचा कर अठरा टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे मोह थोडा कमी झाला असेल. पण मोहाचं गणित तेच आहे.

बिलावर पार्टचा नंबर, असल्यास सीरियल नंबर, गाडीचा नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. "नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो" हे बिल नव्हे.

२. बसतं ते सगळं जुळतंच असं नाही

चाक फुटण्याआधी चार महिने ते मला सांगत होतं, मी ऐकत नव्हतो. ताशी नव्वदच्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. दुकानदाराचं ठरलेलं उत्तर होतं, "रोड खराब आहेत साहेब."

कारण नंतर कळलं. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्या गोल उंचवट्यावर बसतं त्याचा व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारातली चाकं एकाच साच्यात अनेक गाड्यांसाठी ओततात, म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात. माझ्या चाकाचं ७३.१ होतं. चार बोल्टचं अंतर ४×१०० जुळत होतं, म्हणून चाक 'बसलं'. पण मधे सगळीकडून साडेनऊ मिलिमीटरची पोकळी. चाक हबवर टेकलेलं नव्हतं, नुसतं नटांच्या भरवशावर लटकत होतं. ती पोकळी भरायला हब-रिंग नावाचं कडं मिळतं. काही शे रुपयांची वस्तू. दुकानदाराने दिली नाही आणि मी मागितली नाही, कारण ती असते हेच मला ठाऊक नव्हतं.

नटांचंही तसंच. कुठल्या चाकाला निमुळत्या बैठकीचा नट लागतो, कुठल्याला गोलसर. चुकीचा नट आवळला की घट्ट वाटतो, पण टेकतो फक्त कडेवर. 'युनिव्हर्सल फिट' हे शब्द ज्या खोक्यावर असतील तो उघडण्याआधी व्हर्निअर काढा.

३. धातू खोटं बोलत नाही, फक्त त्याला विचारावं लागतं

कराडला स्टेपनी चढवून मी कोल्हापूरला मामांकडे पोचलो. मामांनी शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं काढली. त्यांनी चाक उचललं, बोटाने टकटक केलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन कारखान्यात गेले. तिथे डीपी टेस्ट केली. चाक स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव मारायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, पुसायचं आणि वर पांढरी पावडर फवारायची. जिथे चीर असेल तिथून लाल रंग वर येतो. आमच्या चाकावर एक लाल रेघ अपेक्षित होती. आल्या तीन. शेजारी लाल ठिपक्यांची रांगोळीच.

"आरं लेका, ह्ये चाक न्हवं, जाळीदार पाव हाय," मामा म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो. तो ओतण्याआधी काढून टाकावा लागतो, त्याला डीगॅसिंग म्हणतात. घाई केली की थंड होताना तोच वायू बारीक छिद्रं होऊन आत अडकतो. चांगलं चाक ओतल्यावर भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर पिकवतात, तेव्हा त्याला ताकद येते. यातली प्रत्येक पायरी वेळ आणि वीज खाते, आणि यातली एकही वरच्या चकचकीत रंगाखाली दिसत नाही. स्वस्त चाकाची किंमत नेमकी तिथे कमी केलेली असते.

४. ठसे वाचायला शिका, पण ठशावर विसंबू नका

त्या दिवसापासून मी पार्ट उलटा करून बघतो. चाकाच्या आतल्या बाजूला एका चाकाला किती किलो भार झेपतो तो आकडा असावा. जपानी पद्धतीच्या चाकांवर 'जेडब्ल्यूएल' असतं. पण तो निर्मात्याने स्वतःच 'आम्ही निकष पाळले' असं सांगण्याचा ठसा आहे. शेजारी 'व्हीआयए' असेल तर त्रयस्थ संस्थेकडे नोंदणी झाल्याचा तो दावा असतो. आपल्याकडचं आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएसच्या अ‍ॅपवर टाकून बघता येतो. युरोपातल्या पार्टांवर वर्तुळात 'ई' आणि एक आकडा असतो. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स.

माझ्या फुटक्या चाकावरही जेडब्ल्यूएल होतंच. साच्यात अक्षरं कोरायला परीक्षा द्यावी लागत नाही.

५. खोका खरा असला म्हणजे आतला माल खरा असतो असं नाही

एकदा इरिडियम स्पार्क प्लग ऑनलाइन एक-तृतीयांश किमतीत मिळाले. खोका अस्सल, होलोग्रामही चमकणारा. गाडी सहा आठवडे बरी चालली, मग आयडलिंगला झटके द्यायला लागली. खऱ्या इरिडियम प्लगचं मधलं टोक शिवणाच्या सुईसारखं बारीक असतं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. माझ्या प्लगचं टोक पेन्सिलीसारखं जाडजूड होतं. प्लग काढून चारही वजनकाट्यावर ठेवले तर चौघांचं वजन वेगवेगळं. एका कारखान्यातला, एका लॉटचा माल असा नसतो. हे मी रोज इतरांना सांगतो.

ज्या कंपनीचं नाव खोक्यावर होतं तिला वॉरंटी मागण्यात अर्थ नव्हता, कारण तो माल तिचा नव्हताच. विकणाऱ्याचं खातं तोवर नाहीसं झालं होतं. आता आयात मालावर मी आधी साधी चिकटपट्टी शोधतो. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, कमाल किंमत. वजनमाप कायद्याच्या नियमांप्रमाणे पॅकबंद आयात मालावर हे छापणं बंधनकारक आहे. ती पट्टी नसेल तर माल बॅगेतून आला असेल किंवा गल्लीतून. दोन्हीकडे वॉरंटीचा पत्ता नाही.

६. 'लाइफटाइम वॉरंटी' म्हणजे कोणाचा लाइफटाइम ते विचारा

चाकाच्या अनुभवानंतर मी सस्पेन्शन घेताना सावध होतो. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर, तैवानी बनावटीचे, बंगळूरच्या आयातदाराकडून, पक्क्या बिलावर. आठ महिन्यांनी पुढच्या डाव्या डॅम्परमधून, म्हणजे धक्का जिरवणाऱ्या नळीतून, तेल गळायला लागलं. 'लाइफटाइम वॉरंटी'चं कार्ड काढून पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरती. फक्त उत्पादनातल्या दोषाला. खड्डा, अपघात, शर्यत, चुकीची फिटिंग वगळून. काढण्या-घालण्याची मजुरी ग्राहकाची. पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा. दोष आहे की नाही हे कंपनी ठरवणार.

म्हणजे पार्ट फुकट मिळाला तरी दोनदा मजुरी, कुरिअर आणि पुन्हा अलाइनमेंट माझ्या खिशातून. शिवाय तपासणी होईपर्यंत पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत गाडी चालली ती फक्त कंपनीचं मूळ सस्पेन्शन माळ्यावर ठेवलं होतं म्हणून. बायको सारखी म्हणत होती, "हे भंगार काढ." काढलं असतं तर पाच आठवडे रिक्षा. मूळ पार्ट कधीही विकू नका. गाडी विकताना, विम्याच्या वेळी, आरटीओत, वॉरंटीच्या वादात, सगळीकडे तेच कामाला येतात.

७. प्रत्येक बिघाड म्हणजे दोष नसतो

हे माझ्या विरोधात जाणारं आहे, पण लिहायला हवं. ट्रॅकसाठीचे ब्रेक पॅड बसवले आणि सकाळी कर्वे रोडच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबता थांबेना. पॅड खराब म्हणून भांडायला निघालो होतो. पण ते पॅड तापल्यावरच पकड धरणारे होते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दोन फेऱ्यांत ते तापतात. पौड फाट्यापर्यंत नाही. पॅडच्या कडेला दोन अक्षरांचा घर्षण-कोड छापलेला असतो. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातल्या पॅडची पकड सांगतं, दुसरं जास्त तापलेल्याची. मी फक्त किंमत वाचली होती.

कॉइलओव्हरच्या वरच्या उघड्या बॉल-जॉइंटचा कटकट आवाजही तसाच. रबराऐवजी तिथे धातू असतो, गाडीला अचूकपणा येतो, आणि आपल्या धुळीत तो लवकर सैल पडतो. शर्यतीचा पार्ट थोडं जगतो आणि जोरात जगतो. त्याच्याकडून मूळ पार्टचं आयुष्य मागणं म्हणजे पहिलवानाला मॅरेथॉन धावायला लावणं.

८. एका पार्टची वॉरंटी घेताना दुसरी जाऊ शकते

माझ्या भाच्याने नवी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि सहा महिन्यांत इंजिनच्या संगणकाचं रीमॅप करून घेतलं. करणारा म्हणाला, "सर्व्हिसला जाताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकून देऊ, कळणार नाही." दीड वर्षाने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा क्लच घसरू लागला. सर्व्हिस सेंटरने मशीन जोडलं. सॉफ्टवेअर मूळच होतं, पण ते किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद आत शिल्लक होती. क्लच ठरावीक टॉर्कसाठी बनवलेला, टॉर्क वाढवलेला, दावा फेटाळला. मला वाईट वाटलं, पण त्यांचं चूक म्हणवेना.

पुढे त्याच गाडीचा एसीचा कॉम्प्रेसर गेला आणि तोही दावा 'गाडी मॉडिफाय आहे' म्हणून नाकारला. तिथे आम्ही अडून बसलो. लेखी विचारलं, रीमॅपमुळे कॉम्प्रेसर कसा बिघडला ते कारणासह कळवा. दोन स्मरणपत्रांनंतर कॉम्प्रेसर बदलून मिळाला. न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाने सांगितलं की अमेरिकेत यासाठी १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदाच आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टनेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. आपल्याकडे त्या नावाचं छत्र नाही, म्हणून 'कारण लेखी द्या' ही छत्री आपली आपण उघडायची.

याच भावाने एकदा बॅगेतून एक्झॉस्टचा पाइप आणला होता. खोक्यावर लिहिलेलं, 'फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी.' ती सूचना म्हणजे कंपनीने आधीच धुतलेले हात.

९. कायदा आणि विमा दुकानदाराच्या शब्दावर चालत नाहीत

'सगळे लावतात साहेब' हे वाक्य आरटीओत चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. महाराष्ट्रात पोलिसांनी मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत.

विम्याचंही तसंच. कंपनीला न कळवता लावलेला पार्ट अपघातानंतर कळला तर त्याची भरपाई सोडा, मुख्य दाव्यातही अडचण येऊ शकते. मी आता काही बदलायच्या आधी विमा कंपनीला ईमेल करतो. उत्तर येईपर्यंत खोका उघडत नाही.

१०. भांडायचं असेल तर कागदावर, आणि वेळेत

कॉइलओव्हरच्या वेळी मी कारखान्यातली पद्धत घरी आणली. पार्ट उघडतानाचा व्हिडिओ. बसवतानाचे फोटो, टॉर्क रेंचच्या आकड्यासकट, कारण 'फिटिंग चुकलं' हे विक्रेत्याचं पहिलं उत्तर असतं. गळती दिसल्याच्या दिवशीचं मीटर रीडिंग. फोनवर काही बोलणं झालं की लगेच, 'आत्ता आपण असं म्हणालात' अशी ईमेल. पाच आठवड्यांनी आयातदाराचं उत्तर आलं, सील रस्त्याच्या धुळीने गेलं, वॉरंटी लागू नाही. मी दोन पानांची नोटीस पाठवली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला होता. त्याप्रमाणे विक्रेता बंगळूरचा असला तरी तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली.

अकराव्या दिवशी नवा डॅम्पर आला. मजुरी मात्र माझीच गेली, आणि मी ती जाऊ दिली.

ग्राहक आयोगापर्यंत जावं लागलं नाही. पण जाता येईल एवढे कागद माझ्याकडे होते, हे समोरच्याला कळलं होतं. चाकाच्या वेळी माझ्याकडे फक्त आवाज होता.

ते फुटकं चाक अजून शिरोलीलाच आहे. मामा निवृत्त झाले तरी नव्या पोरांना शिकवायला अधूनमधून कारखान्यात जातात, आणि ते चाक पुढ्यात ठेवून विचारतात, "सांगा, ह्यात काय चुकलंय?" गेल्या वर्षी गेलो तेव्हा मी आमच्या कारखान्यातलं नापास मालाचं लाल लेबल बरोबर नेलं आणि चाकाला बांधलं. पार्टचं नाव लिहिलं. पुरवठादार, लॉट नंबर, बिल नंबर हे तीन रकाने कोरे राहिले. 'दोषाचं कारण' यापुढे छिद्रं, चीर, मधल्या भोकाचा मापात नसलेला व्यास असं सगळं नीट लिहिलं.

खाली शेवटचा रकाना असतो, 'माल स्वीकारणाऱ्याची सही'. तिथे मी माझी सही केली.